सूक्ष्मजीवशास्त्राचं पहिलं वर्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेली मुलं-मुली वर्षभर जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. थोडे लेक्चर सुटल्यावर व्हरांड्यात विचारले जातात, बाकीचे प्रॅक्टिकलच्या टेबलापाशी. म्हणून उत्तरंही टेबलापाशी देते तशीच लिहिली आहेत.

बारावीला सूक्ष्मजीव एक-दोन धड्यांत संपले होते. हा विषय झेपेल का?

झेपेल. पाया मात्र जीवशास्त्राइतकाच रसायनशास्त्राचा लागतो. पीएच, द्रावणाची तीव्रता, प्रथिनं आणि कर्बोदकांची रचना, लॉगॅरिदम एवढं कॉलेज सुरू व्हायच्या आधी उजळून घ्या. पहिल्या सत्रात ज्यांची दमछाक होते, त्यातले बरेच जण जंतूंमुळे नाही, लॉग आणि घातांकांमुळे अडलेले असतात.

दुसरी गोष्ट सवयीची आहे. टायट्रेशनचं उत्तर त्याच तासाला मिळतं. इथे आज प्लेट (जंतू वाढवायची झाकणाची बशी) लावली की निकाल उद्या, बुरशी असेल तर तीन-चार दिवसांनी. बेल झाली म्हणजे प्रॅक्टिकल संपलं असं समजणारी मुलं दुसऱ्या दिवशी प्लेट बघायला येतच नाहीत आणि मित्राच्या जर्नलमधून निकाल उतरवतात. वेळापत्रकात नसला तरी दुसऱ्या दिवशीचा तो अर्धा तास राखून ठेवा. खरा विषय त्या अर्ध्या तासात शिकून होतो.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. लेक्चर इंग्रजीत असतं, नावं तर लॅटिन. काय करू?

एक वेगळी वही करा आणि प्रत्येक जिवाणूला एक पान द्या. त्यावर आकार, ग्रॅम पॉझिटिव्ह की निगेटिव्ह (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा की गुलाबी), बीजाणू करतो का, हालचाल करतो का, कुठे सापडतो, माणसाच्या कामाचा की आजार करणारा, आणि ओळखायची एखादी चाचणी लिहा. वर्षअखेरीस पंचवीस-तीस पानं भरतील आणि तीच तुमची उजळणी होईल. नावं मनात वाचू नका, मोठ्यानं म्हणा. स्टॅफिलोकोकस ऑरियस, बॅसिलस सबटिलिस, सुडोमोनास एरुजिनोसा ही नावं तोंडात बसली की कानालाही ओळखू येतात, मग लेक्चर पळतंय असं वाटत नाही.

हातानं लिहिताना प्रजातीच्या नावाचा पहिला शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करा, दुसरा लहान अक्षरानं, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारा. सलग एक रेघ मारली की परीक्षक खूण करतातच.

वर्गात शंका मराठीत विचारायला अजिबात संकोच करू नका. तोंडी परीक्षेतही संकल्पना आधी मराठीत नीट सांगितली आणि मग इंग्रजी संज्ञा जोडली, तर समोरच्याला कळतं की तुम्हाला समजलंय.

पहिल्या युनिटमधला इतिहास प्रॅक्टिकलला उपयोगी पडतो का?

पडतो. तुमच्या टेबलावरची जवळजवळ प्रत्येक वस्तू त्या इतिहासातून आली आहे. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिनवर जंतू वाढवत. जिलेटिन उन्हाळ्यात आणि ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये (ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटात) वितळतं, शिवाय कित्येक जंतू ते पचवून पातळ करतात. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांची पत्नी फॅनी हेस स्वयंपाकात जेलीसाठी अगार वापरत असे. १८८१-८२च्या सुमारास तिनं ते सुचवलं. समुद्री शेवाळापासून मिळणारं अगार उकळीच्या जवळपास वितळतं, पण एकदा पातळ झालं की ४० अंशांच्या आत-बाहेर येईपर्यंत घट्ट होत नाही. त्याला पचवणारे जंतूही मोजकेच. हे लक्षात ठेवलंत तर प्लेट ओतायच्या आधी मीडियम (जंतूंचं अन्न असलेलं मिश्रण) ४५ ते ५० अंशांपर्यंत का थांबवायचं, ते पाठ करावं लागत नाही. १८८७ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या युलियस रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची बशी आणली. ती आपण आजही वापरतो.

आपल्याकडचा इतिहास पुस्तकात दोन ओळींत उरकलेला असतो, म्हणून थोडं जास्त सांगते. १८८४ मध्ये कॉख यांनी पटकीचा स्वल्पविरामासारखा जिवाणू कोलकात्यात शुद्ध स्वरूपात वेगळा केला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली टोचणी स्वतःला घेतली. परळची हाफकिन संस्था त्यातूनच १८९९ मध्ये उभी राहिली. पुढे १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं की पटकीचे जुलाब जिवाणूनं बाहेर सोडलेल्या विषामुळे होतात. ‘एक्झोटॉक्सिन’ हा शब्द पुढच्या युनिटमध्ये येईल, तेव्हा हा प्रयोग आठवा.

प्रॅक्टिकलला सोबत काय आणायचं?

पूर्ण बाह्यांचा सुती अ‍ॅप्रन, बंद बूट, काचेवर लिहिणारं पेन, स्वच्छ काचपट्ट्या, सुती फडकं आणि काडेपेटी. केस घट्ट बांधलेले हवेत. ओढणी अ‍ॅप्रनच्या आत खोचायची किंवा बाहेर काढून ठेवायची, कारण समोर उघडी ज्योत असते. मोबाइल पिशवीत ठेवा. ज्या हातात कल्चरची (वाढवलेल्या जंतूंची) नळी होती त्याच हाताने तो उचलला जातो आणि नंतर गालाला लागतो.

आम्ही हाताळतो ते जंतू धोकादायक असतात का?

पहिल्या वर्षाला दिले जाणारे बहुतेक जंतू निरोगी माणसाला सहसा आजारी न करणारे असतात. बॅसिलस सबटिलिस, दह्यातले जिवाणू, यीस्ट, ई. कोलायचे निरुपद्रवी प्रकार यांचा त्यात समावेश होतो. क्षयाचा जिवाणू बघायचा असेल तर आधीच मारून, रंगवून ठेवलेली काचपट्टी दाखवतात. तरीही नळीत काय आहे याची खात्री नाही, असं धरूनच वागायचं. मातीतून किंवा सांडपाण्यातून तुम्ही स्वतः वाढवलेल्या प्लेटवर काय उगवलंय हे कोणालाच आधी माहीत नसतं. अशी प्लेट उघडून वास घेऊ नका.

कल्चर सांडलं तर लपवू नका. त्यावर कागद टाका, त्यावर जंतुनाशक ओता, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि लगेच सांगा. सांडल्याबद्दल कोणी रागावत नाही, लपवल्याबद्दल जरूर रागावतात.

वापरलेल्या प्लेट कचऱ्याच्या डब्यात जात नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम सांगतात की सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतला कचरा तिथल्या तिथे निर्जंतुक करूनच बाहेर पाठवायचा. आपल्या लॅबमधले काका रोज संध्याकाळी हेच काम करत असतात. प्लेट ठरलेल्या बादलीत ठेवून त्यांना साथ द्या.

एवढ्या उकाड्यात पंखे का बंद करायचे?

हवेत धूळ आहे, धुळीवर बुरशीचे बीजाणू आणि जिवाणू आहेत. पंखा ते सगळं उघड्या प्लेटवर आणून टाकतो आणि बर्नरची ज्योत हलवतो. ज्योतीभोवतीची गरम हवा वर जाते, त्यामुळे तिच्या जवळ वरून धूळ पडण्याची शक्यता कमी होते. म्हणून सगळं काम ज्योतीच्या वीतभर अंतरात करायचं. ज्योतीच्या कक्षेत नळी तिरकी धरायची, कापसाचा बोळा उजव्या हाताच्या करंगळीत पकडायचा (टेबलावर ठेवायचा नाही), नळीचं तोंड ज्योतीतून फिरवायचं, लूप (टोकाला कडं असलेली तार) लाल करून गार होऊ द्यायचा, मग आत घालायचा. गरम लूप कल्चरमध्ये घातला तर ‘चर्र’ आवाज येतो. त्याच क्षणी बारीक थेंब हवेत उडतात आणि लूपवरचे जंतूही मरतात.

पहिले काही आठवडे हे सगळं अवघडल्यासारखं होतं. घरी रिकाम्या नळ्या आणि कापूस घेऊन सराव करा, ज्योतीची गरज नाही. करंगळीला बोळा धरायची सवय लागली की अर्धं काम झालं.

मायक्रोस्कोपमध्ये काहीच दिसत नाही. मशीन बिघडलंय का?

क्वचितच. आधी काचपट्टी उलटी ठेवली नाही ना ते बघा. १०० पटीच्या भिंगाला काचपट्टीच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या काही दशांश अंतरावर जावं लागतं. काचपट्टी स्वतः साधारण एक मिलिमीटर जाड असते. स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला जंतूंचा पातळ थर) खालच्या बाजूला गेला तर भिंग तिथे पोहोचूच शकत नाही, कितीही फिरवा. उजेडात तिरकी धरून बघा, स्मिअरची बाजू मंद दिसते.

ती बरोबर असेल तर १० पटीवर रंगाचा भाग शोधा आणि फोकस करा. मग भिंग बाजूला फिरवून तेलाचा एकच थेंब ठेवा, १०० पटीचं भिंग हलकेच तेलात आणा आणि फक्त बारीक स्क्रू फिरवा. कंडेन्सर वर, डायफ्रॅम उघडा. रंगवलेल्या स्मिअरला भरपूर उजेड लागतो. तेलाचा आणि काचेचा अपवर्तनांक जवळपास सारखा, १.५१च्या आसपास आहे, म्हणून काचेतून निघालेले किरण हवेत न विखुरता भिंगात शिरतात. तेल न घालता १०० पटीनं बघणारे धुरकट ठिपके बघतात आणि तेच जंतू समजून काढतात.

ई. कोलाय साधारण दोन मायक्रॉन लांब असतो. हजार पट मोठा केल्यावरही तो तुम्हाला दोन मिलिमीटरचाच दिसणार. पुस्तकातल्या चित्राएवढा दिसेल अशी अपेक्षा ठेवलीत तर समोर असूनही ओळखणार नाही.

काम झालं की भिंगावरचं तेल लेन्स पेपरनं पुसा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भिंगावर बुरशी धरते आणि ती काच कायमची खराब करते. मायक्रोस्कोपच्या कपाटात सिलिका जेल किंवा पेटता बल्ब असतो तो याचसाठी.

ग्रॅम स्टेन करताना माझा स्टॅफिलोकोकस गुलाबी का आला?

हा प्रश्न दर वर्षी, दर बॅचला येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

हान्स ख्रिस्तियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये बर्लिनमध्ये ही पद्धत मांडली. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोलनं रंग काढणं, मग सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट, आणि प्रत्येक पायरीनंतर पाण्यानं धुणं. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिळून पेशीच्या आत मोठा समूह तयार होतो. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकनचा जाड थर असतो. अल्कोहोलमुळे त्यातलं पाणी जातं, जाळी आवळते आणि जांभळा समूह आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्हमध्ये हा थर पातळ आणि बाहेर मेदयुक्त आवरण. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं, जांभळा रंग निघून जातो आणि मागाहून सॅफ्रॅनिनचा गुलाबी चढतो.

आता तुमचा स्टॅफिलोकोकस. पहिला संशय अल्कोहोलवर घ्या. काचपट्टी तिरकी धरून थेंब थेंब सोडायचे आणि खाली गळणारा रंग फिका होताक्षणी पाण्यानं धुवायचं. साधारण दहा ते वीस सेकंद लागतात. त्यापुढे गेलात तर पॉझिटिव्हही रंग सोडतात. दुसरा संशय कल्चरच्या वयावर. अठरा ते चोवीस तासांचं कल्चर घ्यावं. फ्रीजमधली आठवडाभर जुनी स्लँट (नळीत तिरक्या अगारवर वाढवलेलं कल्चर) घेतली तर पेशींच्या भिंती झिजलेल्या असतात, मग एकाच स्मिअरमध्ये जांभळे आणि गुलाबी दोन्ही दिसतात. तिसरा, स्मिअर ज्योतीवर भाजून काढणं. हीट फिक्स करताना काचपट्टी दोन-तीनदा ज्योतीतून फिरवायची आणि हाताच्या मागच्या बाजूला लावून बघायची, सहन होईल इतकीच गरम हवी. चौथा, आयोडीन जुनं होऊन त्याचा रंग उतरलेला असणं.

उलटा प्रकार झाला, म्हणजे ई. कोलाय जांभळा आला, तर बहुतेक वेळा स्मिअर जाड असतो. पेशींच्या थराच्या तळापर्यंत अल्कोहोल पोहोचतच नाही. स्मिअर इतका पातळ हवा की वाळल्यावर त्याखालचं छापील अक्षर वाचता यावं.

माझा आग्रह असा की एकाच काचपट्टीवर तीन स्मिअर घ्या. एका टोकाला माहीत असलेला स्टॅफिलोकोकस, दुसऱ्या टोकाला माहीत असलेला ई. कोलाय, मध्ये तुमचा अनोळखी जंतू. तिघांना एकच वागणूक मिळते. टोकाचे दोन बरोबर आले तरच मधल्याचा निकाल लिहायचा. यात दोन मिनिटं जास्त जातात आणि परीक्षेत ‘मला खात्री आहे’ असं खरोखर म्हणता येतं.

स्ट्रीक केल्यावर (लूपनं प्लेटवर रेघा ओढल्यावर) सुट्या कॉलनी (वाढलेल्या जंतूंचे ठिपके) मिळत नाहीत, नुसता थर येतो.

दोन चतुर्थांशांच्या मध्ये लूप जाळायचा राहिला, किंवा सुरुवातीला फार माल उचलला. स्ट्रीक प्लेटचा सगळा हेतू जंतूंची संख्या पायरीपायरीनं कमी करणं हा आहे. पहिल्या भागात थोडंसं पसरवा, लूप जाळा, गार करा, पहिल्या भागातून दोन-तीन रेघाच ओढून दुसऱ्या भागात जा. असंच चौथ्यापर्यंत, आणि चौथ्याची शेवटची रेघ पहिल्या भागाला लागू देऊ नका. अगार फाटत असेल तर लूप खूप तिरका धरा.

प्लेटवरचं नाव, जंतू, मीडियम, तारीख आणि बॅच हे सगळं तळाच्या बशीवर लिहा, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. आणि प्लेट उलटी ठेवूनच इनक्युबेटरमध्ये घाला, नाहीतर झाकणावर जमलेलं पाणी ठिबकून कॉलनी एकमेकींत मिसळतात.

प्लेट कंटॅमिनेट झाली. फेकून द्यायची?

आधी वाचायची. कंटॅमिनेशन कुठून आलं ते प्लेट स्वतः सांगते.

नको ती कॉलनी तुमच्या रेघांच्या बाहेर आहे? मग ती हवेतून पडली, झाकण जास्त उघडं राहिलं. कॉलनी रेघेवरच आहेत पण दोन प्रकारच्या? मग मूळ कल्चर शुद्ध नव्हतं किंवा लूप नीट जळला नव्हता. कॉलनी अगारच्या पृष्ठभागावर नसून आत रुतलेल्या दिसतात? मग मीडियमच नीट निर्जंतुक झालं नाही किंवा ओतताना दूषित झालं. अशा वेळी काहीही न लावता ठेवलेली कंट्रोल प्लेट बघा. तिच्यातही वाढ असेल तर तुमच्या हाताचा दोष नाही. सगळ्या प्लेटवर एकात एक वर्तुळं पसरत गेलेली दिसली तर तो प्रोटिअस असण्याची शक्यता आहे, तो पृष्ठभागावर झुंडीनं सरकतो.

जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेमुळे बुरशी फार त्रास देते. काळे दाणे दिसले तर ॲस्परजिलस नायजर, निळसर-हिरवी मखमल दिसली तर बहुधा पेनिसिलियम. याचं चित्र काढा आणि निरीक्षण म्हणून जर्नलमध्ये लिहा. मला तरी असं पान कोऱ्या, निर्दोष पानापेक्षा जास्त सांगतं.

ऑटोक्लेव्हमध्ये १५ पौंड दाबानं जंतू मरतात ना?

ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं दाबपात्र. त्यात जंतू मरतात ते दाबानं नाही, तापमानानं. दर चौरस इंचाला १५ पौंड दाबाखाली शुद्ध वाफ १२१ अंश सेल्सिअसला पोहोचते आणि ती ओली उष्णता प्रथिनं गोठवते. साधारण पंधरा ते वीस मिनिटांत चिवट बीजाणूही मरतात. म्हणून सुरुवातीला झडप उघडी ठेवून आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची. हवा अडकली तर काटा १५ दाखवतो पण आतलं तापमान तेवढं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचच्या मीडियात वाढ दिसते. साखर असलेल्या मीडियाला १० पौंड, ११५ अंश वापरतात, नाहीतर साखर करपते. काटा शून्यावर येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. घाई केली तर फ्लास्कमधला द्रव उसळून बोळे उडतात.

मीडियात मांसाचा अर्क असतो असं कळलं. मी शाकाहारी आहे.

न्यूट्रिअंट अगारच्या प्रचलित कृतीत एक लिटर पाण्याला पेप्टोन ५ ग्रॅम, मांसाचा अर्क ३ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि अगार १५ ग्रॅम असतं. अगार वनस्पतिजन्य, मीठ खनिज, पण बाकीचं प्राणिजन्य असू शकतं. हे सगळं तयार पावडरीच्या रूपात डब्यात येतं. सोयाबीन आणि दुधातल्या केसीनपासून केलेलं मीडियमही मिळतं आणि बऱ्याच जंतूंना ते चालतं. तुम्हाला अडचण वाटत असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच शिक्षकांशी बोला. वजन करण्याचं काम जोडीदार करू शकतो. ही शंका मनात ठेवून वर्षभर अस्वस्थ राहण्यात काही अर्थ नाही.

सीरियल डायल्यूशनचं गणित दर वेळी चुकतं.

एकच उदाहरण नीट करा. १ मिली नमुना ९ मिली निर्जंतुक पाण्यात घातला की तो दहापट पातळ होतो. त्यातला १ मिली पुढच्या नळीत, असं पाच वेळा केलं की एकास एक लाख. पाचव्या नळीतून ०.१ मिली प्लेटवर पसरलं आणि १५६ कॉलनी आल्या. १५६ गुणिले १,००,००० भागिले ०.१, म्हणजे १५,६०,००,०००. मूळ नमुन्याच्या एका मिलीत सुमारे १५.६ कोटी कॉलनी तयार करू शकणारे घटक.

चुका दोनच ठिकाणी होतात. ०.१नं भागायचं विसरतं, किंवा भागाकाराऐवजी गुणाकार होतो. आणि प्लेट निवडताना ३० ते ३०० कॉलनी असलेलीच घ्यायची. तीसपेक्षा कमी असतील तर योगायोगाचा वाटा मोठा होतो, तीनशेच्या वर कॉलनी एकमेकींत मिसळतात आणि मोजणी खोटी ठरते. दर पायरीला नवा पिपेट घ्या आणि नळी नीट हलवा. गणित बरोबर असूनही उत्तर विचित्र येतं ते बहुधा इथे.

हँगिंग ड्रॉपमध्ये (काचेखाली लोंबणाऱ्या थेंबात) सगळेच हलताना दिसतात. मग सगळे मोटाइल (स्वतःहून हलणारे)?

नाही. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी मेलेले जंतूही जागच्या जागी थरथरतात, ती ब्राउनियन हालचाल. सगळे एकाच बाजूला वाहत असतील तर तो थेंबातला प्रवाह. खरा मोटाइल जंतू शेजाऱ्यांना मागे टाकून, दिशा बदलत जातो. थेंबाची कड शोधा, कंडेन्सर खाली घ्या, उजेड कमी करा.

माझा निकाल पुस्तकाप्रमाणे आला नाही. जर्नलमध्ये काय लिहू?

जे दिसलं तेच. मग खाली कारणाचा अंदाज. सांगली किंवा बीडच्या एखाद्या कॉलेजात रात्री वीज गेली, इनक्युबेटर थंड पडला आणि चोवीस तासांत वाढ दिसली नाही, तर तसं लिहा आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा बघून नोंद करा. पुढे एखाद्या औषध कंपनीत किंवा पाणी तपासणी प्रयोगशाळेत तुमच्या नोंदीवर माणसं विसंबणार आहेत. तिथे ‘यायला हवा होता’ असा निकाल लिहिणं गुन्हा आहे. ती सवय पहिल्या वर्षीच लागते, चांगली असो की वाईट.

कॉलनीचं वर्णन करताना आकारमान, आकार, रंग, कड, उंची, पृष्ठभाग, पारदर्शकता आणि लूपला लागणारा पोत, एवढे रकाने भरा. त्यापुढे ग्रॅम आणि मोटिलिटी. मॅकॉन्की अगारवर गुलाबी कॉलनी आली तर शेजारी ‘लॅक्टोज आंबवतो’ हे लिहायला विसरू नका, नुसता रंग लिहून अर्धेच गुण मिळतात.

ग्रोथ कर्व्हवर दर वर्षी प्रश्न येतो. उत्तर कसं लिहू?

आलेख आधी काढा. उभ्या अक्षावर संख्येचा लॉग, आडव्यावर वेळ. लॅग, लॉग, स्टेशनरी आणि डेथ हे चार टप्पे लिहिताना प्रत्येकात पेशी काय करत असतात ते सांगा. लॅगमध्ये संख्या वाढत नाही, पण पेशी नवे एन्झाइम बनवत असतात. लॉगमध्ये ई. कोलाय अनुकूल स्थितीत २० मिनिटांना दुप्पट होतो. एका पेशीपासून सात तासांत २१ दुपटी, म्हणजे २०,९७,१५२ पेशी. हा आकडा उत्तरात घातला की लॉग का घ्यावा लागतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

घरी काही प्रयोग करता येतील का?

प्लेट लावू नका. घरात ऑटोक्लेव्ह नसताना अनोळखी जंतू लाखोंनी वाढवणं योग्य नाही. दह्यावर मात्र भरपूर काम करता येतं. तीन वाट्यांत सारखंच दूध, सारखंच विरजण घ्या. एकात दूध उकळतं असताना विरजण घाला, दुसऱ्यात कोमट असताना, तिसऱ्यात कोमट दुधाला लावून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. दर तासाला पीएच पट्टीनं मोजा. दूध ६.६च्या आसपास सुरू होतं आणि ४.६च्या जवळ आलं की केसीन साकळतं. कोणती वाटी लागली नाही आणि का, याचं उत्तर वहीत लिहा. डिसेंबरात नाशिकला आणि मे महिन्यात नागपूरला हाच प्रयोग केला तर लॅग टप्पा किती बदलतो तेही कळेल.

महाराष्ट्रात या विषयाशी जोडलेलं बघण्यासारखं काय आहे?

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. बऱ्याच कॉलेजांची शुद्ध कल्चर तिथून येतात. राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ चा, देशातलं पेनिसिलीन तिथे बनू लागलं. कॉलेजची सहल यांपैकी कुठे जाणार असेल तर चुकवू नका.

आणि बुलढाण्याचं लोणार. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं हे सरोवर अत्यंत अल्कधर्मी आहे, पीएच १०च्या आसपास. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणी केली आणि कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये आर्किया हा जीवांचा वेगळा गट मांडला, ते तुम्ही वर्गीकरणाच्या युनिटमध्ये शिकता.

पुढे काय? बायोटेक घ्यायला हवं होतं का?

बायोटेक्नॉलॉजीत जनुकांची हाताळणी आणि तंत्रं जास्त, इथे जिवंत जंतू ओळखणं, वाढवणं आणि थोपवणं जास्त. पदवीनंतर औषध, अन्न, दुग्ध आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळांत गुणवत्ता नियंत्रणाची कामं मिळतात. स्टेरिलिटी टेस्ट, हवेतल्या जंतूंची मोजणी, कच्च्या मालाची तपासणी. रुग्णालयाच्या लॅबमध्ये जायचं असेल तर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्राची पदविका) जोडा. नुसत्या बीएस्सीवर स्वतःची पॅथॉलॉजी लॅब चालवून रिपोर्टवर सही करता येत नाही, हे आधीच नीट समजून घ्या. संशोधनात जायचं असेल तर बहुतेकदा एमएस्सी करावी लागते, आणि तिथल्या प्रवेश परीक्षांची तयारी दुसऱ्या वर्षापासून सुरू करावी.

वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षेत वेळ पुरत नाही.

कामांचा क्रम आधी ठरवा. ज्या कामाला वाट बघावी लागते ते आधी सुरू करायचं. स्मिअर हवेत वाळायला ठेवा, तोवर हँगिंग ड्रॉप लावा. अगार वितळायला ठेवा, तोवर डायल्यूशनच्या नळ्यांवर आकडे टाका. पेपर हातात आल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त हा क्रम लिहिण्यात घालवा.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात की जंतुनाशक म्हणून शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्के का चांगलं. प्रथिनं बिघडवायला पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल झटकन उडूनही जातं. उत्तर देताना समोरच्या बाटलीवरचं लेबल वाचा, बहुतेक वेळा तिथे ७० लिहिलेलं असतं.